पंचाहत्तर मिनिटांची भुतं

ती घरी येते, हातातला खोका टेबलावर ठेवते आणि आईला फोन लावते. खोक्यात मित्राच्या वाढदिवसासाठी घेतलेली लाकडी बाहुली आहे. फूटभर उंची, पिंजारलेले केस, तोंडभर टोकदार दात, हातात इवलासा भाला आणि अंगाभोवती सोन्याची साखळी. साखळी आहे तोवर आतला आत्मा जागच्या जागी राहील, असं सोबतच्या कागदात लिहिलेलं असतं. फोनवर आईची कुरकुर सुरू होते. आजची संध्याकाळ आपल्यासोबत घालवायची सोडून पोरगी मित्राकडे निघालीय, हे तिला सोसत नाही. आईचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. मुलीचा चेहरा उतरत जाताना तेवढा दिसतो. फोन ठेवून ती आंघोळीच्या तयारीला लागते. इकडे साखळी निसटून खाली पडलेली असते. ती परत येते, तर टेबलावर बाहुली नाही.

मग सुरू होते ती पळापळ बघताना आजही पाय आपोआप सोफ्यावर ओढून घेतले जातात. बाथरूमच्या बंद दाराखालच्या फटीतून सुरीचं पातं आत-बाहेर होतं. बाहुली सुटकेसमध्ये कोंडली, तर ती आतून सुटकेस कापायला लागते. शेवटी ओव्हनमध्ये ढकलली जाते, किंचाळत जळते. आणि आपली नायिका, खात्री करून घ्यायला म्हणून, ओव्हनचं दार उघडते.

हा 'ट्रिलॉजी ऑफ टेरर'मधला तिसरा भाग, 'अमेलिया'. ४ मार्च १९७५ ला अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर तो दिसला. या अख्ख्या भागात माणूस एकच, कॅरन ब्लॅक. बाहुली काही फार हुशारीने नाचवलेली नाही. नीट पाहिलं तर लाकूड आणि केस दिसतात. पण दिग्दर्शक डॅन कर्टिसने कॅमेरा गालिच्याला टेकवला आणि सोफ्याच्या पायांमधून सुसाट पळवला. बाहुली दिसते एखाद-दोन क्षण, आणि बाहुलीला जे दिसतंय ते आपण बराच वेळ पाहत राहतो. वर ती एकसारखी चिरक्या आवाजात बडबडत असते. बाहुली झुनी जमातीची असल्याचं सांगितलंय, ती मात्र शुद्ध थाप. न्यू मेक्सिकोतल्या झुनी लोकांच्या मूर्ती म्हणजे दगडात कोरलेले छोटे प्राणी, आणि त्यांचा आधार वाटतो, भीती नाही. नरडीचा घोट घेणारी बाहुली पटकथेने त्यांच्या माथी मारली. त्या काळात असं सर्रास चालायचं.

हा चित्रपट थिएटरसाठी काढलेलाच नव्हता, टीव्हीसाठीच होता. १९७० च्या दशकात अमेरिकन वाहिन्यांनी असे चित्रपट घाऊक भावात काढले आणि त्यांत भुताखेतांचे, चेटकिणींचे, सैतानाचे चित्रपट भरपूर निघाले. कमी पैसे, अपुरे दिवस, रक्त दाखवायची बंदी, मध्ये मध्ये साबणाच्या जाहिराती. एवढ्या अडचणींतून इतकी अस्सल भीती निघाली कशी, याचं मला राहून राहून नवल वाटतं. आणि जितकं खोलात जावं तितकं वाटत जातं की ती निघाली या अडचणींमुळेच.

मुळात हा सगळा व्यवहाराचा मामला. एबीसी ही तीन मोठ्या वाहिन्यांतली तिसऱ्या नंबरची. हॉलिवूडचे चित्रपट टीव्हीवर दाखवायचे तर हक्कांची किंमत वाढत चाललेली. तेव्हा आपणच छोटे चित्रपट का काढू नयेत, या विचारातून १९६९ च्या सप्टेंबरात 'मूव्ही ऑफ द वीक' सुरू झालं. ते उभं करणारा बॅरी डिलर तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचा होता. दर आठवड्याला नवा चित्रपट, दीड तासाची वेळ, आणि जाहिराती वजा जाता उरणारी साधारण ७३ ते ७५ मिनिटं. सुरुवातीला पडद्यावर रंगांचे पट्टे खोलातून आपल्याकडे धावत येत. ती करामत डग्लस ट्रंबुलच्या तंत्राची, म्हणजे '२००१: अ स्पेस ओडिसी'च्या शेवटच्या अंतराळप्रवासात ज्याने प्रेक्षकांचे डोळे दिपवले त्याचीच. सोबत बर्ट बॅकरॅकची धून, त्याने आपल्या मुलीसाठी रचलेली. त्या पिढीतल्या अमेरिकन मुलांना ती धून ऐकली की अजून पोटात गोळा येतो म्हणतात, आणि धून तर किती गोड!

आता आठवड्याला एक चित्रपट म्हणजे रतीबच. स्वस्तात काय बनतं? युद्धपट नाही, ऐतिहासिक नाही. एक जुनं घर, चार-पाच नट, खिडकीचा पडदा हलवायला पंखा. भुताला मेहनताना द्यावा लागत नाही. शिवाय हॉलिवूडच्या जुन्या तारका रिकाम्या होत्या, त्यांना काम हवं होतं आणि वाहिनीला नाव. बार्बरा स्टॅनविक 'द हाउस दॅट वुड नॉट डाय'मध्ये (१९७०) झपाटलेल्या घरात राहायला आली. ऑलिव्हिया द हॅविलँडला 'द स्क्रीमिंग वूमन'मध्ये (१९७२) जमिनीखालून बाईचा आक्रोश ऐकू येऊ लागला. जोन क्रॉफर्डने तर १९६९ मध्येच 'नाइट गॅलरी'च्या पहिल्या चित्रपटात एका आंधळ्या श्रीमंत बाईची भूमिका केली होती. तो भाग दिग्दर्शित करणारा पोरगा बावीस वर्षांचा, नाव स्टीव्हन स्पिलबर्ग.

आता अडचणींकडे येऊ. त्या वेळचा टीव्ही लहान, जवळजवळ चौकोनी. भव्य काही दाखवलं की माणसं मुंग्यांएवढी व्हायची. गच्च काळोख दाखवला तर काचेवर नुसता करडा गढूळपणा. मग उरतं काय, तर चेहरा जवळून, दाराची मूठ जवळून, जिन्याची एक पायरी. रक्त नाही, कारण वाहिन्यांची स्वतःची तपासणी खाती पटकथेवर लाल पेन घेऊन बसलेली. म्हणून हिंसा दाराआड, आणि दाराबाहेर फक्त आवाज. भीतीला याहून काय हवं असतं?

सगळ्यात गमतीची गोष्ट जाहिरातींची. दहा-बारा मिनिटांनी जाहिरात येणार हे लेखकाला आधीच ठाऊक. तेवढ्यात प्रेक्षकाने वाहिनी बदलता कामा नये. म्हणजे दर दहा-बारा मिनिटांनी काहीतरी असं घडलं पाहिजे की माणूस जागचा हलणार नाही. विचार करा, दार करकरतं, नायिका वळते, पडदा काळा होतो, आणि दोन मिनिटं भांडी घासायच्या साबणाचं गाणं. घरात आई म्हणते, जा, पाणी घेऊन ये. पाणी आणायचं म्हणजे अंधाऱ्या पॅसेजमधून स्वयंपाकघरात जायचं! थिएटरातला भयपट ही सोय देऊच शकत नाही. आज हे चित्रपट जाहिरातींविना बघताना ते मध्येच काळे होतात, लगेच उजळतात, आणि कथेला अधूनमधून उचक्या लागल्यासारखं वाटतं. त्या काळ्या पडद्यामागे कोट्यवधी घरांतल्या मुलांनी एकमेकांचे हात धरले होते, हे ध्यानात घेतलं म्हणजे त्या उचक्या खटकत नाहीत.

या सगळ्या कारखान्याचा खरा मेंदू म्हणजे रिचर्ड मॅथिसन. १९५४ मध्ये 'आय अ‍ॅम लेजंड' लिहिणारा हा लेखक गडकोट, धुकं, काळा डगला यांच्या वाटेलाच फारसा जात नसे. त्याची भुतं हायवेवर, सुपरमार्केटाजवळ, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. 'अमेलिया' त्याचीच, १९६९ च्या त्याच्या 'प्रे' या कथेवरून. २२ नोव्हेंबर १९६३ ला, केनेडींची हत्या झाली त्याच दिवशी, घरी परतताना एक ट्रक त्याच्या गाडीच्या मागे लागला होता. आठ वर्षांनी त्यातून 'ड्युएल' झाला. १३ नोव्हेंबर १९७१ ला तो दाखवला, दिग्दर्शक पुन्हा स्पिलबर्ग. चोवीस वर्षांचा होता तेव्हा तो, आणि चित्रण उरकलं दोन आठवड्यांच्या आत. त्यात भूत नाही असं म्हणतात. पण गंजका ट्रक, कधीही न दिसणारा ड्रायव्हरचा चेहरा आणि कसलंही कारण नसताना चाललेला पाठलाग. भूत म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

त्यानंतर दोन महिन्यांनी, ११ जानेवारी १९७२ ला, 'द नाइट स्टॉकर' आला. लास वेगासमध्ये तरुण बायकांचे मुडदे सापडतात, अंगात रक्ताचा थेंब नाही. कार्ल कोल्चॅक नावाचा बातमीदार मागावर लागतो. सुरकुतलेला सूट, बेंगरूळ टोपी, खांद्याला टेपरेकॉर्डर. संपादकाशी त्याचं रोज वाजतं. डॅरेन मॅकगॅव्हिनने तो असा उभा केलाय की आपल्या एखाद्या जुन्या दैनिकाच्या कचेरीत बसवला तरी खपून जावा. मारेकरी म्हणजे खराखुरा रक्तपिपासू पिशाच, आणि मॅथिसनने त्याला बोलायला एक शब्दही दिलेला नाही. दुसरा लेखक असता तर त्याने पिशाचाच्या तोंडी लांबलचक भाषण घातलं असतं.

पण चित्रपटाचा खरा डंख वेगळ्याच ठिकाणी आहे. पोलीस, सरकारी वकील, शहराचे कारभारी या सगळ्यांना कोल्चॅकचं म्हणणं हळूहळू पटत जातं. पण पर्यटकांचं गाव, बोभाटा झाला तर धंदा बुडेल, म्हणून बातमी दाबली जाते. कोल्चॅक पिशाचाच्या छातीत खुंटा ठोकतो तेव्हा त्याला शाबासकी मिळत नाही. मुकाट गाव सोड, नाहीतर खुनाचा खटला भरू, असं सांगून त्याला वेगासबाहेर काढतात, त्याच्या मैत्रिणीलाही. वॉटरगेटची घरफोडी व्हायला तेव्हा पाच महिने बाकी होते! त्या रात्री चालू असलेल्या टीव्ही संचांपैकी ५४ टक्के संचांवर हाच चित्रपट होता. तोवरच्या कुठल्याही टीव्ही-चित्रपटाला एवढा प्रेक्षक मिळाला नव्हता. ज्या कादंबरीवर तो बेतला ती जेफ राइसची कादंबरी त्या दिवशी छापूनही झालेली नव्हती. मुंबईत तर टीव्हीच नव्हता. तो आला त्याच वर्षी २ ऑक्टोबरला.

कोल्चॅकचा दुसरा चित्रपट पुढल्या वर्षी आला, नंतर वीस भागांची मालिका. मालिका चालली नाही, दर आठवड्याला नवा राक्षस आणायचा म्हणजे दमछाक होते. तिथे पटकथेवर काम करणाऱ्या तरुणांत डेव्हिड चेस होता, ज्याने पुढे 'द सोप्रानोज' केलं. आणि टीव्हीसमोर बसलेल्या पोरांत ख्रिस कार्टर होता, ज्याला मोठेपणी 'एक्स-फाइल्स' सुचलं. ते कोल्चॅकवरून सुचलं, हे त्याने उघडपणे सांगितलंय.

या चित्रपटांचे शेवट वाईट असतात. म्हणजे फसलेले नव्हे, नायकाच्या मुळावर येणारे. मालिकेतला नायक पुढच्या आठवड्यात लागणार असतो, त्याला मारता येत नाही. इथे पुढचा आठवडाच नव्हता. त्यामुळे लेखकाला पूर्ण मोकळीक. १० ऑक्टोबर १९७३ च्या 'डोन्ट बी अफ्रेड ऑफ द डार्क'मध्ये सॅली आणि अ‍ॅलेक्स हे जोडपं आजीच्या जुन्या वाड्यात राहायला येतं. अभ्यासिकेतली शेकोटी विटांनी बुजवलेली आहे. म्हातारा सुतार बजावतो, तिला हात लावू नका. सॅली राखेच्या कप्प्याचं छोटं दार उघडते. बस्स, तेवढंच. त्या रात्रीपासून भिंतींमधून तिच्या नावाने कुजबुज सुरू होते. ते प्राणी वीत-दीड वीत उंचीचे, सुकलेल्या अक्रोडासारख्या तोंडाचे. माणसांना तसले पोशाख चढवून अवाढव्य आकाराच्या फर्निचरच्या सेटवर चालवलं, म्हणून ते बारके दिसतात. उजेड त्यांना सोसत नाही. नवऱ्याला बढतीची काळजी, त्यामुळे बायकोचं बोलणं म्हणजे मनाचे खेळ. शेवटी गुंगीत असलेल्या सॅलीला ते दोरीने खेचत नेतात. ती कॅमेऱ्याचा फ्लॅश उडवत त्यांना मागे हटवते, फ्लॅश संपेपर्यंत. आणि सगळ्यात शेवटी, त्या कुजबुजीत आता सॅलीचाही आवाज असतो. हे पाहिलेल्यांपैकी एक, गिलेर्मो देल तोरो, मोठेपणी त्याची नवी आवृत्ती लिहून मोकळा झाला. मला मूळच जास्त झोंबतं, कारण त्यात प्राण्यांविषयी काहीच समजावून सांगितलेलं नाही.

नवऱ्याचा विश्वास नसणं ही या चित्रपटांची जणू ठरलेली वीट. 'क्रोहेवन फार्म', स्पिलबर्गचा 'समथिंग ईव्हल', कुठलाही घ्या: घरातल्या बाईला आधी कळतं, पुरुषाला पटत नाही, तोवर उशीर झालेला असतो. बायकांनी घराबाहेर पडण्याची, समान हक्कांची भाषा अमेरिकेत जोरात असतानाचा हा काळ. चित्रपट करणारे जवळजवळ सगळे पुरुष, आणि त्यांनीच घराला बाईचा सापळा केलं. ते जाणूनबुजून केलं असं मला वाटत नाही. घर स्वस्तात मिळत होतं, एवढंच. पण पाहणारी बाईही घरातच बसलेली होती.

आता सगळंच सोनं होतं असं कुणी समजू नये. 'किलडोझर'मध्ये (१९७४) उल्केतली शक्ती बुलडोझरमध्ये शिरते आणि तो माणसं चिरडत सुटतो. ताशी काही किलोमीटर वेगाने, म्हणजे बाजूला सरकायला भरपूर वेळ. 'डेव्हिल डॉग'मध्ये (१९७८) सैतान अल्सेशियन कुत्र्याच्या पिल्लात अवतरतो. 'द हॉरर अ‍ॅट ३७,००० फीट'मध्ये विमानाच्या सामानकक्षात इंग्लंडहून आणलेल्या मठाचे झपाटलेले दगड, आणि प्रवाशांत विल्यम शॅटनर. हसून हसून पुरेवाट होते. 'गार्गॉइल्स' (१९७२) कथा म्हणून बेताचाच, पण त्यातल्या पंखवाल्या, शिंगवाल्या राक्षसांच्या मेकअपला एमी पुरस्कार मिळाला. तो करणाऱ्यांत स्टॅन विन्स्टन होता, ज्याच्या हातून पुढे 'ज्युरासिक पार्क'चा टी-रेक्स उभा राहिला.

दशक सरता सरता, १९७९ च्या नोव्हेंबरात, सीबीएसने स्टीफन किंगचा 'सेलम्स लॉट' दोन रात्रींत दाखवला. एका गावात नवा दुकानदार येतो आणि गाव हळूहळू पिशाचांचं होतं. नारायण धारपांच्या वाचकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल, कारण त्यांची 'लुचाई' याच कादंबरीच्या आधाराने उभी आहे. दिग्दर्शक टोब हूपर, 'टेक्सास चेन सॉ मॅसेकर'वाला. टीव्हीवर त्याला करवत चालवता येणार नव्हती. त्याने एक खिडकी घेतली. रात्र, बाहेर दाट धुकं. मेलेला लहान मुलगा त्या धुक्यातून तरंगत येतो आणि नखांनी काच खरवडतो, भावाने आत घ्यावं म्हणून. मुलाला तारांवर लटकवलं नव्हतं, कारण तारेवरचं माणूस झुलतं आणि डोळ्याला कळतं. क्रेनच्या दांड्यावर बसवून त्याला पुढे-मागे केलं, आणि दृश्य उलटं चित्रित करून सुलटं दाखवलं. म्हणून धुक्याची हालचालही किंचित चुकीची वाटते. काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण मानेवरचे केस उभे राहतात.

आणि हे सगळं दिसायचं एकदा. फार तर उन्हाळ्यात एक पुनःप्रक्षेपण. घरी ध्वनिचित्रमुद्रण करण्याची सोनीची बीटामॅक्स १९७५ मध्ये आली, सामान्य घरांत अशी यंत्रं पोचायला आणखी काही वर्षं गेली. चित्रपट बघितला, झोप उडाली, सकाळी शाळेत सांगितला, संपला. पुन्हा पडताळून पाहायची सोयच नाही. नाव विसरलं जायचं, 'तो बाहुलीचा', 'तो खिडकीतल्या मुलाचा' एवढंच उरायचं, आणि दरवेळी सांगताना बाहुली थोडी मोठी व्हायची.

याच सुमारास, अटलांटिकच्या पलीकडे, पाहिलेल्याची नोंद कुठे उरते या प्रश्नालाच हात घालणारा टीव्ही-चित्रपट झाला. १९७२ च्या नाताळात बीबीसीने नायजेल नीलचा 'द स्टोन टेप' दाखवला. ब्रिटनमध्ये नाताळला भुताच्या गोष्टी सांगायची जुनी रीत आहे. इथे एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची संशोधक मंडळी जुन्या हवेलीत मुक्काम ठोकतात. त्यांना टेपपेक्षा सरस असं नवं मुद्रणमाध्यम शोधायचंय, जपान्यांच्या आधी. हवेलीतल्या एका खोलीत किंचाळत पडणारी मोलकरीण दिसते, आधीही लोकांनी पाहिलेली. तेव्हा या मंडळींच्या डोक्यात चमकतं: हे भूत नाहीच, हे रेकॉर्डिंग आहे! दगडाने एका मरणाची नोंद करून ठेवलीय आणि ती माणसाच्या मेंदूत वाजतेय. मग त्यांचा हावरेपणा सुरू होतो. यंत्रं लावून, आवाजांचा मारा करून ते दगडाकडून ती नोंद वाजवून घ्यायला बघतात, आणि त्या नादात ती पुसली जाते. खाली दुसरी, कितीतरी जुनी नोंद असते. संगणकाचं काम पाहणाऱ्या जिलला तेवढं कळतं, आणि तिचं कुणी ऐकत नाही. भुताच्या गोष्टीत इतका थंड, इतका सुबक तर्क मी दुसरीकडे पाहिला नाही. भूतसंशोधक म्हणवणारे लोक आज 'स्टोन टेप थिअरी' असं विज्ञानाच्या थाटात बोलतात. नाव आलंय या नाटकातून.

त्याच वर्षांत बीबीसी स्वतःच्या टेपा पुसून पुन्हा वापरत होती, कारण टेप महाग होती. 'द स्टोन टेप' वाचला. नीलचंच १९६३ चं 'द रोड' नाही वाचलं. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधलं एक जंगल, तिथे रात्री झपाटलेले आवाज येतात: धावणारी माणसं, आकांत, काहीतरी गडगडणारं. गावकरी म्हणतात, पूर्वी इथे कुणीतरी मेलं असेल. ते आवाज मागचे नसतातच, पुढचे असतात. मोटारींनी तुंबलेल्या रस्त्यावरून अणुबॉम्बपासून पळणाऱ्या गर्दीचे. चित्रण उरलं नाही, संहिता उरली. तिच्यावरून २०१८ मध्ये बीबीसी रेडिओने ते नाटक नव्याने केलं, आणि त्यात तर नुसते आवाजच आहेत.